लाइन्ड पंप, व्हॉल्व्ह आणि स्कोमेट परवाना : वेर्ण्यातल्या एका कारखानदाराच्या प्रश्नाला उत्तर

प्रश्न थोडक्यात असा : गोव्यातल्या वेर्णा औद्योगिक वसाहतीत पीटीएफई (टेफ्लॉन) अस्तराचे मॅग्नेटिक ड्राइव्ह पंप आणि बॉल व्हॉल्व्ह बनवणारा छोटा कारखाना आहे. शारजाच्या एका ट्रेडिंग कंपनीकडून ६ पंप आणि ४० व्हॉल्व्हची चौकशी आली आहे. वापर विचारला तर ‘पाणी शुद्धीकरण’ एवढेच उत्तर मिळाले. त्याआधी एक पंप नमुना म्हणून कुरिअरने हवा आहे. सीएचए (कस्टम्सचे काम बघणारा एजंट) म्हणतो, एचएस कोडवर, म्हणजे कस्टम्सच्या वर्गीकरण क्रमांकावर, निर्यात खुली आहे, माल जाऊ दे. स्कोमेट परवाना, म्हणजे नागरी आणि शस्त्रांच्या अशा दोन्ही कामांना चालणाऱ्या मालाच्या निर्यातीचा सरकारी परवाना, लागतो का?

पंपांना लागतो. व्हॉल्व्हना बहुधा लागतो, ते मापावर आणि धातूवर ठरेल. शारजाची कंपनी स्वतः माल वापरणार नसेल, तर तो नक्की कोण वापरणार हे कळेपर्यंत कोटेशनही देऊ नका.

सीएचएची चूक कुठे होते ते आधी बघू. एचएस कोड शुल्क आणि आकडेवारीसाठी असतो. ८४१३ खाली विहिरीचा पंप येतो आणि आम्लाचा सील-विरहित पंपही येतो. ८४८१ खाली बागेतला नळ आहे आणि हॅस्टेलॉयचा व्हॉल्व्हही आहे. निर्यात नियंत्रणाची यादी वेगळी आहे. आयटीसी (एचएस) वर्गीकरणाच्या अनुसूची २ चे परिशिष्ट ३, म्हणजे स्कोमेट यादी. ती वस्तूच्या नावावर चालत नाही, तांत्रिक मोजमापांवर चालते. म्हणून ‘खुली’ असे दाखवणाऱ्या एचएस कोडखालचा माल स्कोमेटमध्ये असू शकतो, आणि तो ओळखायची जबाबदारी कायद्याने निर्यातदारावर आहे. सीएचए तुमच्या पंपाच्या आत काय आहे ते सांगू शकत नाही. तुमचा डिझाइन इंजिनियर सांगू शकतो.

यादी ० ते ८ अशा गटांत आहे. ० अणुसाहित्याचा, १ रसायनांचा, २ सूक्ष्मजीव आणि विषांचा, ३ साहित्य आणि प्रक्रिया-उपकरणांचा, ४ अणुक्षेत्राशी संबंधित इतर उपकरणांचा, ५ अवकाश व क्षेपणास्त्रांशी संबंधित, ६ शस्त्रसामग्रीचा, ७ सध्या रिकामा आणि ८ इलेक्ट्रॉनिक्स, सेन्सर, सागरी उपकरणे, नॅव्हिगेशन वगैरेंचा. भारत जून २०१६ मध्ये एमटीसीआर (क्षेपणास्त्रे), डिसेंबर २०१७ मध्ये वासेनार (शस्त्रे आणि दुहेरी वापराचा माल) आणि जानेवारी २०१८ मध्ये ऑस्ट्रेलिया ग्रुप (रासायनिक आणि जैविक शस्त्रे) या आंतरराष्ट्रीय निर्यात-नियंत्रण व्यवस्थांत सामील झाला, आणि आपली यादी त्यांच्या याद्यांशी जुळवलेली आहे. तुमचा माल ३डी विभागात, रसायन उत्पादनाच्या उपकरणांत येतो.

आता मोजमापे. पंप सील-विरहित किंवा एकाहून जास्त सीलचा असेल, निर्मात्याने दिलेला कमाल प्रवाह ताशी ०.६ घनमीटरपेक्षा जास्त असेल, आणि रसायनाला लागणारे सगळे पृष्ठभाग यादीतल्या पदार्थांचे असतील, तर तो नियंत्रित. मॅग्नेटिक ड्राइव्ह म्हणजे सील-विरहितच. ताशी ०.६ घनमीटर म्हणजे मिनिटाला १० लिटर. तुमच्या कॅटलॉगमधला सगळ्यात लहान पंपही बहुधा याच्या वर जाईल. व्हॅक्यूम पंपासाठी ही मर्यादा ताशी ५ घनमीटर आहे. पदार्थांच्या यादीत फ्लोरोपॉलिमर आहेत, म्हणजे वजनाने ३५ टक्क्यांपेक्षा जास्त फ्लोरिन असलेले पॉलिमर. पीटीएफई, पीएफए, एफईपी, पीव्हीडीएफ सगळे त्यात बसतात. पॉलिप्रोपिलीनमध्ये फ्लोरिन नाही, म्हणून तसाच पीपीचा पंप यादीबाहेर राहतो. एकाच रेषेवर, एकाच साच्यातून निघालेले दोन पंप, एक नियंत्रित आणि एक नाही, हे या विषयात नेहमीचे आहे.

इथे एक युक्तिवाद कायम ऐकू येतो : ‘आमचा शाफ्ट सिरॅमिकचा आहे, बेअरिंग कार्बनचे आहे, म्हणजे सगळे पृष्ठभाग पीटीएफईचे नाहीत.’ तो टिकत नाही. पंपांच्या यादीत सिरॅमिक आणि कार्बन-ग्राफाइटही आहेत, आणि यादीतल्या पदार्थांचे मिश्रण चालते. उलट बाजूने, बदलता येणारे गॅस्केट, पॅकिंग, वॉशर, सील यांच्यामुळे वस्तू नियंत्रित ठरत नाही आणि सुटतही नाही. एसएस ३१६ च्या बॉल व्हॉल्व्हमध्ये पीटीएफईची सीट आहे एवढ्यावरून तो स्कोमेट होत नाही.

व्हॉल्व्हचे माप डीएन १० (३/८ इंच) पेक्षा मोठे आणि आतले सगळे पृष्ठभाग यादीतल्या पदार्थांचे, तर नियंत्रित. याशिवाय १ ते ४ इंचांच्या, क्लोजर एलिमेंट (बॉलसारखा प्रवाह बंद करणारा भाग) बदलता येईल अशा व्हॉल्व्हना वेगळी अट आहे : तिथे केसिंगचा किंवा तयार लायनरचा पृष्ठभाग तेवढा पाहिला जातो. त्यामुळे ‘बॉल साध्या स्टीलचा घालून देतो’ म्हटल्याने सुटका होत नाही. पंपाचे सुटे केसिंग, लायनर, इम्पेलर, आणि व्हॉल्व्हची सुटी बॉडी हेही यादीत आहे. स्पेअर म्हणून पेटीत टाकलेले चार लायनर परवान्यात लिहिलेले नसतील, तर अख्खी खेप अडकते.

धातूचा मुद्दा सावकाश वाचा, कारण सगळ्यात जास्त चुका इथे होतात. यादी म्हणते : ४० टक्क्यांपेक्षा जास्त निकेल, किंवा २५ टक्क्यांपेक्षा जास्त निकेल आणि २० टक्क्यांपेक्षा जास्त क्रोमियम असलेले मिश्रधातू. एसएस ३१६ मध्ये निकेल १० ते १४ टक्के, म्हणजे बाहेर. डुप्लेक्स २२०५ मध्ये निकेल ५-६ टक्के, बाहेर. हॅस्टेलॉय सी-२७६, मोनेल ४००, इन्कोनेल ६२५ सरळ आत. अडचण मधल्यांची आहे. अलॉय २० मध्ये निकेल ३२ ते ३८, पण क्रोमियम १९ ते २१. त्याचे ओतीव रूप सीएन-७एम, क्रोमियम १९ ते २२. ९०४एल मध्ये निकेल २३ ते २८, क्रोमियम १९ ते २३. एकाच ग्रेडची एक हीट (वितळवलेल्या धातूची एक खेप) यादीत बसते आणि दुसरी बसत नाही. म्हणून ग्रेडच्या नावावर निर्णय घेऊ नका. त्या कास्टिंगच्या हीट नंबरचे मिल टेस्ट सर्टिफिकेट पाहा, फाउंड्रीवर शंका असेल तर पीएमआय गनने (धातूतले घटक जागेवर मोजणाऱ्या हातातल्या यंत्राने) तपासून घ्या, आणि तो कागद वर्गीकरणाच्या फाइलला लावा. सीमारेषेवरचा माल नियंत्रित धरूनच चाला. बंदरात नमुना काढला गेला, तर तुमचे ग्रेडचे नाव तिथे कोणी विचारत नाही.

याच विभागातल्या दोन गोष्टी गोव्याच्या औषध कंपन्यांनी लक्षात ठेवाव्यात, तुमचे ग्राहक तेच असल्यामुळे सांगतो. काच-अस्तराचा रिअ‍ॅक्टर १०० लिटरपेक्षा मोठा आणि २०,००० लिटरपेक्षा लहान असेल तर तो नियंत्रित आहे, आणि जुना, वापरलेला असला तरी आहे. प्लांट बंद करताना भंगारवाल्याला किंवा जुन्या यंत्रांच्या व्यापाऱ्याला विकलेला रिअ‍ॅक्टर पुढे देशाबाहेर गेला, तर पहिला प्रश्न मूळ मालकाला येतो. इंजेक्शनच्या प्लांटमधला वाफेने निर्जंतुक होणारा फ्रीझ ड्रायर, २४ तासांत १० किलो ते १,००० किलोपेक्षा कमी बर्फाच्या क्षमतेचा, तोही जैविक उपकरणांच्या यादीत येतो. रसायनांमध्ये थायोनिल क्लोराइड, फॉस्फरस ऑक्सिक्लोराइड, ट्रायइथेनॉलअमीन ही रोजची नावे रासायनिक शस्त्र कराराच्या अनुसूची ३ मध्ये आहेत. सोडियम फ्लोराइड, पोटॅशियम फ्लोराइड आणि सोडियम सायनाइड ऑस्ट्रेलिया ग्रुपच्या यादीत.

एवढी बारीक मापे का, हे समजून घेतले तर नियम पाळणे सोपे जाते. नर्व्ह एजंट (मज्जासंस्थेवर घाला घालणारी रासायनिक शस्त्रे) आणि त्याआधीच्या टप्प्यांतली रसायने साधे स्टील खाऊन टाकतात. ती बनवायला गंज न लागणारे पंप, व्हॉल्व्ह आणि रिअ‍ॅक्टर लागतातच, आणि गळती परवडत नाही म्हणून सील-विरहित पंप लागतात. त्यांशिवाय कारखाना उभा राहत नाही. मार्च १९८८ मध्ये इराकमधल्या हलब्जा या कुर्द शहरावर सद्दामच्या फौजांनी जो विषारी वायू टाकला, त्याचा कच्चा माल आणि उपकरणे युरोपातल्या आणि इतर ठिकाणच्या कंपन्यांनी साध्या पावत्यांवर विकली होती. इराकला थायोडायग्लायकॉल, म्हणजे मस्टर्ड वायूचा कच्चा माल, पुरवणारा डच व्यापारी फ्रान्स फान आनराट याला हेगच्या न्यायालयाने २००५ साली १५ वर्षांची शिक्षा दिली. तो फक्त माल विकत होता. आपल्या पंपाने असे काही घडू नये असे वाटणारा प्रत्येक कारखानदार या यादीच्या बाजूचाच आहे, असे मी मानतो.

‘पाणी शुद्धीकरण’ या शब्दांवर थांबायला हवे ते यासाठीच. पाण्याला पीटीएफई अस्तराचा मॅग्नेटिक ड्राइव्ह पंप कशाला? क्लोरीन किंवा आम्ल डोसिंगसाठी एखादा लागेल, पण सहा पंप आणि चाळीस व्हॉल्व्ह म्हणजे पूर्ण प्रक्रिया-रेषा आहे. सांगितलेला वापर आणि मागितलेला दर्जा जुळत नाही, हा सगळ्यात भरवशाचा इशारा. १९९९ मध्ये कांडला बंदरात अडवलेल्या उत्तर कोरियाच्या कु वोल सान जहाजावर क्षेपणास्त्रांचे भाग सापडले, तेव्हा खोक्यांवर पाणी शुद्धीकरणाचीच यंत्रे लिहिली होती. २०२० साली कांडल्यालाच एका जहाजावर ऑटोक्लेव्ह सापडला, कागदावर तो ‘औद्योगिक ड्रायर’ होता. जानेवारी २०२४ मध्ये न्हावा शेवाला चीनहून कराचीला चाललेले इटालियन बनावटीचे सीएनसी मशीन उतरवले गेले, तेव्हाही कागदांवरचे पक्षकार आणि खरे पक्षकार वेगळे असल्याचे समोर आले.

शारजा, दुबई, तिथले फ्री झोन यांत वाईट काही नाही. आपला बराच व्यापार तिथून चालतो. पण ट्रेडिंग कंपनी म्हणजे एंड युजर नव्हे. या खरेदीदाराला आता एकच ई-मेल करा आणि त्यात हे विचारा : प्रत्यक्ष वापरणाऱ्याचे नाव आणि कारखान्याचा पत्ता (पोस्ट बॉक्स नको), कोणते द्रव, किती तीव्रता, किती तापमान, उपकरण कोणत्या जागी बसणार, बसवणी कोण करणार, आणि एंड युजरने ट्रेडरला दिलेल्या ऑर्डरची प्रत. पंपाची निवड करायला द्रव आणि तापमान लागतेच, त्यामुळे खऱ्या ग्राहकाला या प्रश्नांत काही खटकत नाही. जो ‘तुम्ही फक्त दर द्या’ म्हणतो, नेमप्लेट काढून द्या म्हणतो, इनव्हॉइसवर नुसते ‘स्पेअर पार्ट्स’ लिहा म्हणतो, तिसऱ्याच देशातून पैसे पाठवतो, बसवणी आणि वॉरंटी नको म्हणतो, किंवा एक ऑर्डर तीन कंपन्यांच्या नावे तोडून मागतो, त्याला माल देऊ नये. कंपनीचे नाव, मालकांची नावे आणि पत्ता संयुक्त राष्ट्रे, अमेरिका आणि युरोपीय संघ यांच्या निर्बंध-याद्यांत शोधा. पत्ता विशेष करून, कारण नाव बदलते, गाळा बदलत नाही. ३० ऑक्टोबर २०२४ रोजी अमेरिकेने रशियाला माल पोचवल्यावरून सुमारे ४०० व्यक्ती आणि कंपन्यांवर निर्बंध लावले, त्यांत १९ भारतीय कंपन्या होत्या. असे झाले की बँक खाते आधी अडकते, खटला नंतर.

अर्ज डीजीएफटीच्या (विदेश व्यापार महासंचालनालयाच्या) पोर्टलवर, आयईसीच्या (आयात-निर्यात क्रमांकाच्या) लॉगिनमधून करायचा. पणजीच्या कार्यालयात कागद घेऊन जाऊ नका. स्कोमेटचे अर्ज दिल्लीच्या मुख्यालयात बघितले जातात. ते परराष्ट्र, संरक्षण, अणुऊर्जा, अवकाश, रसायन वगैरे खात्यांच्या इंटर-मिनिस्टीरियल वर्किंग ग्रुपपुढे जातात. ० गटाचा अधिकार अणुऊर्जा विभागाचा आणि ६ गटाचा, काही अपवाद सोडता, संरक्षण उत्पादन विभागाचा. तुमच्या अर्जासोबत लागते ते असे : तांत्रिक माहिती (प्रवाह, सील, द्रवाला लागणाऱ्या प्रत्येक भागाचा पदार्थ), तुमच्यापर्यंत आलेल्या ऑर्डरची पूर्ण साखळी, आणि विहित नमुन्यातले एंड-यूज सर्टिफिकेट. ते एंड युजरच्या लेटरहेडवर, नाव-हुद्दा असलेल्या अधिकृत व्यक्तीच्या सहीने हवे. मध्ये ट्रेडर आणि कन्साइनी (माल उतरवून घेणारा) असतील तर त्यांचीही हमी लागते.

अर्ज परत येतो तो बहुतेक वेळा जुळणीवर. ऑर्डरमध्ये कंपनीच्या नावापुढे ‘एलएलसी’ आहे आणि सर्टिफिकेटमध्ये ‘एफझेडई’, म्हणजे कागदोपत्री दोन वेगळ्या कंपन्या. ऑर्डरमध्ये ४० व्हॉल्व्ह आणि सर्टिफिकेटमध्ये ‘व्हॉल्व्ह, आवश्यकतेनुसार’. वापराच्या रकान्यात ‘औद्योगिक वापर’. हे शेवटचे तर कोरा कागद दिल्यासारखेच. ‘अमुक गावच्या प्लांटमध्ये ३० टक्के हायड्रोक्लोरिक आम्ल टाकीतून डोसिंगकडे नेण्यासाठी’ असे लिहून घ्या. पहिला अर्ज असेल तर स्पष्टीकरणे मागवली जातील, आणि तिथल्या भारतीय दूतावासाकडून चौकशीही होऊ शकते, असे धरून चाला. रसायने आणि संबंधित उपकरणांसाठी ठरावीक देशांना साधारण परवानगीची सोय आहे, पण तिला अंतर्गत नियमपालनाची व्यवस्था दाखवावी लागते आणि संयुक्त अरब अमिराती ऑस्ट्रेलिया ग्रुपमध्ये नाही. या ऑर्डरसाठी तिच्यावर विसंबू नका.

व्यवहाराच्या बाजूने एक गोष्ट कोटेशनमध्येच घाला : ‘भारत सरकारचा निर्यात परवाना मिळाल्यावरच माल पाठवला जाईल, डिलिव्हरीची मुदत परवान्याच्या तारखेपासून, आणि परवाना नाकारल्यास ऑर्डर दंडाविना रद्द.’ हे नसले की एलसीवरची (बँकेच्या पतपत्रावरची) शेवटची शिपमेंट तारीख निघून जाते आणि मालक घाईत चुकीचा मार्ग निवडतो. वेर्ण्याचा माल बहुधा ट्रेलरने न्हावा शेवालाच जातो. तिथे कंटेनर अडकला तर डिमरेज, डिटेन्शन आणि पेटी उघडून परत बांधायचा खर्च, सगळे तुमच्या बोकांडी. म्हणून माल कारखान्यातून निघण्याआधी परवाना क्रमांक सीएचएच्या हातात आणि शिपिंग बिलात असला पाहिजे. परवान्यावरचे नाव, संख्या आणि वर्णन पॅकिंग लिस्टशी ओळ-ओळ ताडून बघा.

यादीत नसलेल्या मालाबद्दल : तुमचा पीपीचा पंप यादीबाहेर असला, तरी तो सामूहिक संहाराच्या शस्त्रांसाठी किंवा त्यांच्या क्षेपणास्त्रांसाठी चालला आहे हे माहीत असताना पाठवणे सामूहिक संहाराच्या शस्त्रांविषयीच्या २००५ च्या कायद्याने गुन्हा आहे. शंका आली तर माल थांबवून डीजीएफटीला लेखी विचारा. डोळे मिटून घेणे हा बचाव होत नाही, ई-मेलमधल्या शंका तपासात निघतातच.

पंपाच्या ड्रॉइंग्ज आणि अस्तर मोल्डिंगची प्रक्रिया हेही नियंत्रित तंत्रज्ञान असू शकते, आणि ई-मेलने किंवा क्लाउडवरून पाठवणे म्हणजे निर्यातच. खरेदीदाराला जनरल अरेंजमेंट ड्रॉइंग पुरते, उत्पादनाचे ड्रॉइंग देऊ नका. दोनापावलला एनआयओने (राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने) ‘माया’ हे स्वयंचलित पाणबुडी-वाहन विकसित केले आहे. अशा सागरी क्षेत्रात काम करणाऱ्या प्रयोगशाळा आणि कॉलेजांनाही हाच नियम लागतो. वास्कोच्या गोवा शिपयार्डला माल देणाऱ्यांनी इतकेच पाहावे की युद्धनौकेसाठी खास बनवलेला भाग थेट परदेशी पाठवताना ६ गट लागू होतो. देशातल्या यार्डाला दिला तर निर्यातीचा परवाना यार्ड घेते.

दंड : विदेशी व्यापार कायद्याखाली मालाच्या किमतीच्या पाचपटीपर्यंत. २००५ च्या कायद्याखाली विनापरवाना निर्यातीला पहिल्या वेळी ३ ते २० लाख रुपये, पुन्हा केल्यास सहा महिने ते पाच वर्षे कैद आणि दंड. जाणूनबुजून शस्त्रासाठी दिल्यास कलमे याहून कडक. शिवाय कस्टम्स कायद्याखाली माल जप्त होतो आणि आयईसी निलंबित होऊ शकते, आणि छोट्या कारखान्याला बुडवायला एवढे पुरते. आधीच्या वर्षांत असे पंप परवान्याविना गेले असतील तर ऑर्डर बुक काढून यादी करा, वकिलाला दाखवा आणि स्वतःहून डीजीएफटीला कळवा. तपासात सापडण्यापेक्षा ते केव्हाही बरे. वर्गीकरणाची टिपणे, सर्टिफिकेटे, ई-मेल, शिपिंग बिले किमान पाच वर्षे जपा.

नमुन्याच्या पंपाचे : फुकट दिला, एकच दिला, दाबोळी किंवा मोपाहून विमानाने गेला, किंवा कोणी प्रवासाच्या बॅगेतून नेला, तरी ती निर्यातच आहे. मूल्य शून्य लिहिल्याने मोजमापे बदलत नाहीत. खरेदीदाराला कामगिरी बघायची असेल तर वेर्ण्यात टेस्ट बेडवर चाचणी ठेवा, ताशी प्रवाह आणि हेडचा आलेख साक्षीदाराच्या सहीने द्या, येता येत नसेल तर व्हिडिओ कॉलवर दाखवा. नमुना हवाच असेल तर तो त्याच अर्जात सातवा पंप म्हणून, त्याच एंड-यूज सर्टिफिकेटखाली लिहा.